न नेलेल्या पदव्या

घुमटाचं ते मोठं विद्यापीठ, तिकडे रिक्षा आपसूक जातात.
आमच्याकडे यायचं तर सांगावं लागतं,
विश्वामित्रीच्या पुलाअलीकडे वळ, पागेपाशी.
पागा म्हटलं की कळतं.
विद्यापीठ म्हटलं की रिक्षावाला
पुन्हा घुमटाकडेच नेतो.

घोडे गेले, भिंतीतल्या कड्या राहिल्या.
त्यांना आता हेल्मेटं लटकतात, डबे,
कुणाची ओली ओढणी.
अकरा नंबरच्या वर्गात दमट दिवशी
अजून भिजल्या हरभऱ्याचा वास येतो म्हणे.
मला कधी आला नाही.
पण अर्थशास्त्राचे टिपणीस सर
मागणी-पुरवठ्याच्या मधोमध थांबून
नाक वर करायचे, हे मी पाहिलंय.

मी परीक्षा विभागात.
एकोणतीस वर्षं पदव्यांवर नावं लिहिली,
टाकानं, काळ्या शाईनं,
आधी आडनाव, मग स्वतःचं, मग बापाचं.
खानविलकर ओळीत मावता मावत नाही.
शाह लिहिला की अर्धी ओळ मोकळी,
तिथे काना जरा ऐसपैस सोडायचा.
एकदाच चुकलो. पंकजचा पकंज केला.
पोरगा म्हणाला, असू दे साहेब,
नोकरीच कुठे आहे नाव वाचायला.
आणि समोरच्या गाडीवर मला शेवउसळ खिलवली,
वर जास्तीची तरी.

मग यंत्र आलं.
टाक खणात गेला, मला कपाट मिळालं:
न नेलेल्या पदव्या, सालवार.

चौऱ्याहत्तरचा गठ्ठा सगळ्यात जाड.
आंदोलनाचं साल ते, मेसच्या बिलावरून पेटलेलं.
आमच्या मेसचा आचारी गोवर्धन
तेव्हा पोरांबरोबर थाळी बडवत निघाला होता,
स्वतःच्याच वरणाविरुद्ध.
परीक्षा तीनदा पुढे गेली, पोरं पांगली,
निकाल लागला तेव्हा पत्ते बदलले होते.
ते अक्षर माझं नव्हे, माझ्या आधीच्या सुर्व्यांचं.
त्यांच्यासारखा र मला शेवटपर्यंत जमला नाही.

पुराच्या वर्षी नदी खालचे दोन कप्पे वाचून गेली.
मगर दोन दिवस ग्रंथालयाच्या पायरीवर.
ओळखपत्राशिवाय कुणाला आत न सोडणारा भैरवसिंग
त्या दोन दिवसांत टेबलावरून उतरला नाही.
पाणी ओसरलं तशा हॉस्टेलच्या मुली आल्या,
चिमटे, दोऱ्या, केस वाळवायची यंत्रं घेऊन.
पागेत कडीपासून कडीपर्यंत
पदव्या वाळत घातल्या आम्ही.
काहींवर फक्त बाप उरला होता,
काहींवर फक्त द्वितीय श्रेणी.

परवा एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या.
पर्समधून फीची पावती काढली, घडीवर फाटलेली.
मोहिते इंदुमती दत्ताजी.
आता पटेल. भरूचला असतात.
पदवी सापडली. दत्ताजी पसरून निळसर ढग झालेले,
इंदुमती तशीच, सुर्व्यांच्या हातची, ठसठशीत.
म्हटलं, नवी प्रत देतो बेन, आताच्या नावाची,
पाचशे रुपये, आठ दिवसांत घरपोच.
त्या म्हणाल्या, नको.
हे नाव फारसं वापरलेलं नाही.

मग विचारलं, अकरा नंबर कुठे?
दाखवायला गेलो तर तास चालू.
त्यांनी पर्स कडीला अडकवली, कडी न बघताच,
आणि शेवटच्या बाकावर बसल्या.
नवी मॅडम हजेरी घेत होती. थांबली.
रोल नंबर?
सेहेचाळीस, म्हणाल्या.
मॅडमनं वहीत बघितलं. तिची यादी एकोणीसवरच संपते.
पुढे काय झालं माहीत नाही, माझा फोन वाजला.

सही घ्यायची मात्र राहिली.
रजिस्टरात त्यांच्या नावापुढे कोरी जागा आहे.
ऑडिटवाले विचारतील, त्यांना सगळं विचारायचं असतं.
सांगेन,
तासाला बसल्यात.